हरिणीखालची शेळी

"पण पोरं लिहीतच नाहीत, तर मी करू तरी काय, बाई?"

रोशन लांजेवारने हे तिसऱ्यांदा विचारलं. शहारे बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी त्यांची शेजारीण. निम्म्या शेंगा माझ्या, म्हणून मीही तिथेच. बाईंनी छत्तीस वर्षं आमच्या गावच्या शाळेत चौथी शिकवली. हा रोशन त्यांच्याच हाताखालून गेलेला. आता तो त्याच वर्गाचा मास्तर आहे, आणि कवीही आहे. त्याची दोन पुस्तकं निघालीत. मला कसं माहीत? भेटला की सांगतो ना! आतापर्यंत चारदा सांगून झालंय.

"लिहीत नाहीत म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"कोरं पान घेऊन बसून राहतात. म्हणतात, सर, तुम्हीच सांगा... शनिवारी केंद्रशाळेत कवितेची स्पर्धा आहे. तिथेच बसून लिहायचं, परीक्षकांसमोर. कोरी पानं दिली तर माझं नाक कापलं जाईल, बाई."

"काहून रे बापा? नाक एवढं लांब कधी झालं तुझं?"

मला हसू आलं. मी शेंगांत तोंड लपवलं.

"दिवाळीआधी आमच्या हस्तलिखिताला तालुक्यात पहिला नंबर मिळालाय," तो म्हणाला. "याच पोरांनी लिहिलंय. हे पाहा."

रंगीत पुठ्ठा, वर मोर. बाईंनी हात पदराला पुसले आणि एकेक पान उलटलं. चंद्र, परी, इंद्रधनुष्य, हरिणी. सगळं यमकात चापूनचोपून बसवलेलं.

"छान आहे की," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला आवडलं होतं.

बाईंनी शेवटचं पान मिटलं.

"छान आहे. तुझं तिसरं पुस्तक."

रोशनचा चेहरा उतरला.

"थोडं सुधारलं मी... सगळेच मास्तर सुधारतात, बाई. स्पर्धा असते. पोरांच्या ओळींना ना यमक असतं ना ताल."

"कशाने सुधारलंस?"

त्याने खिशातलं लाल पेन दाखवलं.

"दे इकडे. आणि आता तू लिही. या अंगणावर चार ओळी. कवी आहेस ना?"

एवढंच ना, अशा तोऱ्यात त्याने पिशवीतून वही काढली, मांडीवर घेतली. बाई त्याच्या शेजारी सरकून बसल्या. लाल पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्याच्या कागदाच्या वर, बोटभर अंतरावर धरलं.

त्याने एक शब्द लिहिला.

"हं..." बाई म्हणाल्या. पेन थोडं खाली आलं.

त्याने तो शब्द खोडला. दुसरा लिहिला.

"हं..."

तोही खोडला. मग त्याने वर पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. मी काय देणार त्याला, शेंगा? कपाळावर घाम आला बिचाऱ्याच्या. पौष महिन्यात!

"ते पेन बाजूला घ्या ना, बाई. सुचत नाही मला."

बाईंनी टोपण लावलं. पेन शेंगांच्या टोपलीत टाकलं.

तो खालच्या आवाजात म्हणाला,

"एक पोरगी आहे, आचल. ती आधी मधल्या सुट्टीतही ओळी आणून दाखवायची. सर, हे बघा, सर, ते बघा... डोकं खायची माझं. आता दोन महिने झाले, तिने पेन्सिल खाली ठेवलीय. हजेरीला सुद्धा नुसता हात वर करते." त्याने मांडीवरची वही मिटली. "स्पर्धेचं जाऊ द्या. त्या पोरीचं काहीतरी बिघडवलंय मी, बाई. मला झोप नाही लागत."

इतका वेळ बाईंनी त्याच्याकडे सरळ पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"हस्तलिखितात तिची कुठली?"

"हरिणीची."

बाईंनी पान काढून वाचलं. 'सोनसळी माझी हरिणी, धावे हिरव्या कुरणी.' खाली नाव, आचल, इयत्ता चौथी.

"आमच्या गावात हरिणी कुठे पाहिली हिने?"

"हरिणी नव्हती... शेळी होती. पण शेळी कवितेत बरी दिसत नाही, म्हणून मी..."

"तिची वही आहे?"

होती. पिशवीत सगळ्या वर्गाच्या वह्या होत्या. त्याने आचलचं पान उघडलं. आई गं! पानावर जणू मिरचीचा ठेचा सांडलेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत लालच लाल.

"लालच्या खालचं वाच," बाई म्हणाल्या.

त्याने वही उजेडाकडे धरली. पेन्सिलीची अक्षरं लागत होती, पण अडखळत.

"आमची शेळी... माझ्या आधी जेवते."

तो थांबला.

"आई तिला विचारते... पोट भरलं का."

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. माझीही.

"मी पण तिच्यावाणी... ओरडून पाहिलं."

मला एकदम भरून आलं. का ते विचारू नका, माझ्या घरी शेळी पण नाही.

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय?"

"मग आईने काय केलं?"

रोशनने पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. त्याने पुन्हा पुढची बाजू पाहिली. तिसऱ्या ओळीखाली त्याच्याच हाताने लिहिलेलं होतं, 'यमक नाही. पुन्हा लिही.'

"माहीत नाही, बाई."

"विचारलं नाहीस तिला?"

"...नाही."

वही मिटायचंही त्याला सुचेना. मग वह्या पिशवीत भरत तो उठला, दाराशी गेला, आणि सवय काही जाईना, पुन्हा वळलाच.

"शनिवारला तीनच दिवस राहिलेत. पोरांना कविता कशी शिकवायची, तेवढं तरी सांगा."

त्याची नजर टोपलीतल्या लाल पेनाकडे गेली. बाईंनी त्यावर मूठभर टरफलं टाकली.

"उद्या शाळा सुटली की इकडे ये, आणि त्या पोरीला आईने विचारलं की नाही, ते मला सांग. तोवर माझ्या गळ्याखाली घास उतरायचा नाही."