काजळडोहाची हळद

पाव्हणं, हा समोर दिसतो तो काजळडोह. पाणी काळं दिसतं म्हणून नाक मुरडू नका, तुमच्या बाटलीतल्यापेक्षा गोड आहे. आणि ते जत्रेचं रिंगण. तिथे उतरणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या डोळ्याखाली हळदीचं बोट दिसेल. त्याचं कारण सगुणा.

सगुणा खंडागळे ही एकाच घोडीची मालकीण. घोडीचं नाव चिमणी. अंगाने देखणी, पण डोळ्याखाली केसांचा भोवरा. त्याला म्हणतात आसूढाळ. असलं जनावर मालकाला रडवतं म्हणे. चिमणी जन्मली त्याच साली सगुणाचा नवरा तापाने गेला. झालं! गावाला कारण सापडलं. तापाला कोण विचारतो?

जत्रा आली. जो तो खरारा करतोय, आयाळ विणतोय, खुरांना तेल चोपडतोय. खोड असलेल्या घोड्यांचे मालक डिंकात काजळ कालवून भोवरे बुजवत होते. पोट आत दिसावं म्हणून सकाळपासून एकाही घोड्याला पाणी दाखवलेलं नव्हतं. घोडा मेला तरी चालेल, पोट दिसता कामा नये!

रायाजी पाटील सगुणाला म्हणाले, "भोवरा बुजव, नाहीतर घोडी शिवेपार सोड. रिंगणात आणलीस तर गावाचं वाटोळं होईल."

"तिच्या डोळ्याखाली भोवरा आहे पाटील, पाप नाही," सगुणा म्हणाली.

घरी येऊन तिने चिमणीला पोटभर पाणी पाजलं, अंग लखलखीत केलं, आणि भोवऱ्यावर हळदीचं बोट ओढलं. शेवटच्या रांगेतल्या आंधळ्यालाही दिसावं असं. मग गावदेवी खैराईच्या पायरीवर डोकं टेकलं. "आई, घोडी खोटी असेल तर पहिला घाव माझ्यावर घाल. खरी असेल तर त्यांचं झाकलेलं उघड."

ऐन दुपारी ती रिंगणाशी आली. पाटलांची माणसं काठ्या घेऊन आडवी झाली. तिला सीमेकडेच हाकलायचा बेत होता. सगुणाने लगाम वळवला आणि घोडी सरळ डोहात घातली. चिमणीने पुढचा पाय पाण्यावर आपटला, एकदा खिंकाळली, आणि मग काय विचारता! सकाळपासून तहानलेले सगळे घोडे दोर तोडून धावले. पाटलांचा काळाभोर घोडा तर सगळ्यांच्या पुढे. मागून मालक, कुणाचं धोतर सुटलेलं, कुणाचा फेटा पाण्यात.

घोडे बाहेर आले तेव्हा डिंक गेला होता, काजळ गेलं होतं. इथे एक भोवरा, तिथे एक भोवरा. आणि पाटलांच्या काळ्याभोराला दोन्ही डोळ्यांखाली.

डोहातूनच सगुणा म्हणाली, "माझी एका डोळ्याने रडते पाटील, तुमचा दोन्हींनी. आता शीव आधी कुणी ओलांडायची?"

पाटलांनी काठ्या खाली ठेवायला लावल्या. रिंगणात चिमणी पहिली शिरली, असं सांगतात.

आजही इथे आधी घोड्यांना पाणी, मग शृंगार. भोवरा असो नसो, हळदीचं बोट प्रत्येकाला. पाटलांच्या घोड्याला मात्र दोन. त्यांचा नातू कुरकुरतो, पण लावून घेतो. आणि पाव्हणं, तोंडाला काही फासून आला असाल तर डोहापासून जरा लांब उभे राहा. आमच्या घोड्या आजही पाणी उडवतात.