पाच पेल्यांची सरासरी

“हा आलेख इतका गप्प का?” इसाकमामांनी असंच विचारलं होतं का? की ‘इतका शांत का’ म्हणाले होते? चाळीस वर्षं झाली. शब्दांची खात्री देववत नाही.

कुडाळजवळच्या सरबताच्या कारखान्यात ते जुने फिटर. मी संख्याशास्त्रातला ताजा डॉक्टर. बाटल्या कमी भरल्याच्या तक्रारी येत होत्या आणि मालक भरणीवरच्या सुगंधा परबला काढायला निघाले होते. बाटल्यांतल्या मापाचा आलेख काढून मी अहवाल लिहिला होता, तो मालकांना द्यायचा तेवढा बाकी होता.

“गप्प म्हणजे उत्तम, मामा. पंचवीस ठिपके, सगळे मधल्या रेषेला चिकटून. मशीन निर्दोष आहे.”

“म्हणजे दोष सुगंधाचा?”

“आकडे तसं सांगतात.”

“माणसाची नाडीसुद्धा इतकी गप्प नसते, डॉक्टर… एक ठिपका कसा काढता?”

“मशीनच्या तोट्या पाच. प्रत्येकीची एक बाटली. पाचांची सरासरी.”

मामांनी पाच पेले मांडले. कोकमाचं आगळ आणि पाणी सगळ्यांत सारखं ओतलं. मग साखर घातली. पाच चमचे, पाचही एकाच पेल्यात. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि दुसरा माझ्या हाती दिला.

“प्रत्येकी एक चमचा पडला. घ्या.”

मी मोठा घोट घेतला. डोळे आपोआप मिटले, कान गरम झाले.

दारात उभी असलेली सुगंधा खुदकन हसली.

“का हो? सरासरी गोड नाही लागली?” मामा म्हणाले.

मी पेला ठेवला आणि भरणीकडे गेलो.

तासाभरात प्रत्येक तोटी वेगळी मोजली. पहिली जास्त भरत होती, चौथी कमी. सरासरीत दोघी एकमेकींना झाकत होत्या.

मी अहवाल फाडला. सुगंधाने साखरेचा पेला उचलला, एक घोट घेतला आणि ओरडली, “मामा, हे पिऊन मुंग्या लागतील मला!” तिघंही पोट धरून हसलो.

“तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?” मी विचारलं.

मामा पेले विसळत राहिले.

ते गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी, त्यांच्या मुलीने कामाची वही मला आणून दिली. तारीख मी दोनदा ताडून पाहिली. त्या सरबताच्या आदल्या संध्याकाळची नोंद होती, पेन्सिलीने लिहिलेली :

“चौथी तोटी कमी भरते. डॉक्टरांना तहान लागली की सांगू.”