मागच्या फळीवरचा पाठीराखा

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाची नदी आता वाट बदलून भलतीकडेच वाहते आहे.

त्या नदीच्या अलीकडच्या काठावर एक गाव होते आणि पलीकडच्या काठावर बाजार. मध्ये पूल नव्हता. माणसे होडीने ये-जा करत. होडी चालवणारा नावाडी तरुण होता, कष्टाळू होता. पण त्याचा डावा खांदा लहानपणी निखळला होता आणि पुन्हा कधी नीट बसला नव्हता. तो खांदा उजव्यापेक्षा खाली लोंबत असे. हे कोणालाही लांबूनसुद्धा दिसे.

बापाची होडी कुजली, तेव्हा नवी बांधण्यासाठी कर्ज काढायला तो घाटावरच्या पेढीत गेला. पेढीचा शेठ गादीवर लोडाला टेकून बसलेला असे. बोलण्याचे काम त्याचा कारभारी करी.

“कर्ज मिळेल,” कारभारी म्हणाला. “पण त्याच्यासोबत पाठीराखा घ्यावा लागतो.”

“तो कशाला?”

“अरे, उद्या तू आजारी पडलास, हात-पाय मोडून बसलास, तर हप्ता कोण भरणार? पाठीराखा भरणार. तू अंथरुणात पडून राहा, तो तुझ्या जागी उभा राहील.”

“असतो कुठे तो?”

“दिसत नाही. वेळ आली की उठतो.”

“आणि मी नको म्हटलं तर?”

कारभाऱ्याने शेठकडे पाहिले. शेठने भिंतीकडे पाहिले. “मग कर्जही नको म्हण,” कारभारी म्हणाला.

नावाड्याने अंगठा उठवला. त्याचा लोंबता खांदा कारभाऱ्याने अगदी जवळून पाहिला. “याला तेल चोळत जा रे,” असेही वर म्हणाला.

पाठीराख्याची किंमत ठरली ती अशी: होडीच्या मागच्या फळीवर बसणाऱ्यांचे जे भाडे येईल, ते पेढीचे. त्या फळीवर कोणाला बसवू नये, असे काही कारभाऱ्याने सांगितले नव्हते. पण नावाडी सरळ मनाचा होता. ज्या फळीचे भाडे पाठीराख्याच्या नावाने जाते, ती फळी पाठीराख्याचीच, असे त्याने धरले. तो ती रिकामी ठेवू लागला आणि तिचे भाडे स्वतःच्या कमाईतून भरू लागला.

“दिसत नाही त्याला बसायला फळी,” त्याची बायको म्हणाली, “आणि मी दिसते, तर मला बाजाराला जाताना उभं राहावं लागतं!”

“पुढच्या फळीवर बस की.”

“तिथं कोंबड्यांच्या पाट्या असतात. तुमच्या त्या पाहुण्याला सांगा जरा सरकून घ्यायला.”

ती चिडवायची, पण सणाच्या दिवशी तीच एक पुरणपोळी द्रोणात घालून होडीकडे पाठवायची. “असू दे,” म्हणायची. “उद्या आपल्या उपयोगी पडायचा आहे.”

गावात ज्याने ज्याने पेढीचे कर्ज घेतले होते, त्या सगळ्यांच्या घरी असाच एकेक पाठीराखा होता. कुंभाराने चाकाजवळ एक पाट मांडून ठेवला होता. कोष्टिणीने मागाशेजारी एक घोंगडी अंथरली होती. त्या जागेवर मुलांना बसू देत नसत. हळूहळू मुलेही तिकडे जाईनाशी झाली. का, ते त्यांना सांगता येत नसे.

अशी बरीच वर्षे गेली. वल्हवता वल्हवता नावाडी त्या फळीशी बोलू लागला. आज पाणी ओढतंय. आज बायको रुसली. उत्तर कधी आले नाही, पण बोलल्यावर त्याला बरे वाटे.

एक आंधळी म्हातारी खराटे विकायला बाजाराला जात असे. एका दुपारी होडीत ती एकटीच होती. ऊन स्वच्छ होते, नदी शांत होती. मध्यावर आल्यावर ती म्हणाली, “नावाड्या, मागं कोण बसलंय रे?”

“कोणी नाही, मावशी.”

“मग श्वास कोण घेतंय?”

नावाड्याने वल्ही थांबवली. पाण्याचा आवाज थांबला. त्याला काही ऐकू आले नाही. पण त्याने पाहिले, की होडीचे मागचे टोक पाण्यात खाली गेले आहे. म्हातारी पुढे बसली होती, खराटेही पुढेच होते. तरी होडी मागे कलली होती.

“माझा पाठीराखा आहे तो,” नावाडी म्हणाला. त्याच्या अंगावर काटा आला. पण खरे सांगायचे तर त्याला आनंदही झाला. इतकी वर्षे भरलेले वाया गेले नव्हते.

त्या साली नदीला मोठा पूर आला. होडी वाहून जाऊ नये म्हणून नावाड्याने दोर अंगाला गुंडाळला आणि रात्रभर ओढून धरला. होडी वाचली. पण डावा खांदा कायमचा गेला. हात नुसता अंगाला टांगल्यासारखा राहिला. एका हाताने काही होडी वल्हवता येत नाही.

हप्त्याची वेळ आली. नावाडी पेढीत गेला. “कारभारी, आता पाठीराख्याला उठवा,” तो म्हणाला.

कारभाऱ्याने त्याचा खांदा जणू पहिल्यांदाच पाहिला. “अरेरे! पण हा तर जुनाच खांदा. पाठीराखा घेताना ज्याचं शरीर धड होतं, त्याच्याचसाठी तो उठतो. तुझा असा तो नव्हताच.”

“पण तुम्ही तर पाहिला होता! तेल चोळ म्हणालात!”

“पाहिला होता. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.”

“आणि इतकी वर्षं जे भरलं ते?”

“ते पाठीराख्याचं,” कारभारी म्हणाला. “आता हप्त्याचं बघ. अमावस्येपर्यंत आला नाही, तर होडी पेढीच्या खुंट्याला बांधली जाईल.”

शेठ भिंतीकडे पाहत होता.

नावाडी घाटाच्या पायऱ्या उतरला. तिन्हीसांजेची वेळ होती. होडी गेली की घर गेले, हे त्याला कळत होते. दुसरे कोणतेच काम त्याला येत नव्हते, आणि आता हातही एकच होता. पायरीवर आंधळी म्हातारी होडीची वाट पाहत बसली होती. नावाड्याने तिच्याकडे लक्षच दिले नाही. तो होडीत चढला आणि मागच्या फळीसमोर उभा राहिला.

“ऊठ,” तो म्हणाला. “माझ्या घासातला घास तू खाल्लास. माझी बायको उभी राहिली आणि तू बसलास. आता माझ्यावर वेळ आली तर तुला उठता येत नाही? मग माझ्या होडीत बसू नकोस. ज्यानं तुला विकलं, त्याच्याकडे जा. त्याच्याकडे काम माग.”

थोडा वेळ काहीच झाले नाही. मग होडी एकदम डोलली. तिचे मागचे टोक वर आले. पहिल्या पायरीवर एक ओले पाऊल उमटले. मग दुसऱ्या पायरीवर. पावले वर वर गेली आणि पेढीच्या दाराशी दिसेनाशी झाली.

“माझ्या अंगावरून गेला,” म्हातारी पुटपुटली. “गार होता.”

“मावशी, कारभारी तर म्हणतात तो नव्हताच.”

“नसेल. पण नसलेल्याला तू इतकी वर्षं जागा दिलीस, खाऊ घातलंस. आता तो आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ गादीवर येऊन बसला, तर त्याच्या शेजारी गादीला एक खळगा पडलेला होता. माणूस बसल्यावर पडतो तसा. शेठने गादी झटकली. खळगा तिथेच राहिला. शेठने हात लावला, तर जागा ओली लागली. आणि त्याच्या कानाशी कोणीतरी अगदी हळू, अगदी नम्रपणे म्हणाले, “काम दे.”

गोष्ट गावभर झाली. कुंभार घरी गेला आणि चाकाजवळच्या पाटाला म्हणाला, “तूही जा.” कोष्टिणीने घोंगडी झटकली आणि दार उघडे धरले. एकामागून एक सगळ्यांनी आपापला पाठीराखा धाडून दिला. भर दुपारी गावातल्या धुळीत पावले उमटत गेली. सगळी एकाच दिशेने; ज्या घरांत आता कोणी राहत नव्हते, तिथूनही.

पेढीची गादी खळग्यांनी भरून गेली. उंबरठ्यावर कोणीतरी उभे असल्यासारखे दार लागेना. शेठच्या पुढ्यात गरम ताट आले, की पहिला घास घेण्याआधीच ते थंड पडे. कोणी ओरडत नव्हते, कोणी मारत नव्हते. चारी बाजूंनी तेवढा एकच हळू आवाज येई. “काम दे.”

शेठने नावाड्याला बोलावून घेतले. “तुझा तू परत घेऊन जा.”

“शेठ, मी त्याचं काय करू? तो माझा नव्हता असं तुमचेच कारभारी म्हणाले. त्याच्या नावानं घेतलेलं परत द्या.”

शेठने निम्मे दिले. नावाड्याच्या खळग्याकडे दोघेही पाहत राहिले. खळगा होता तिथेच होता. एवढाच फरक पडला, की आधी तो “काम दे” म्हणत होता, आता नुसतेच “दे” म्हणू लागला. ते ऐकायला जास्तच वाईट होते. शेठने घाईघाईने उरलेले निम्मेही पुढे सरकवले. गादीतून सुस्कारा निघाल्यासारखा आवाज आला आणि खळगा भरून आला.

नावाड्याने त्याच पैशांतून तिथल्या तिथे हप्ता भरला. होडी वाचली.

हे पाहून कारभाऱ्याने त्याच दिवशी नोकरी सोडली आणि तो घाटाच्या पायरीवर चटई टाकून बसला. “या, या! तुमचं परत मिळवून देतो,” तो लोकांना सांगू लागला. “पेढीतली बोलणी तुम्हाला जमायची नाहीत. तिसरा हिस्सा तेवढा माझा.”

“विकलंस तूच आणि सोडवणारही तूच?” कोष्टीण म्हणाली. “सरक बाजूला.” ती स्वतःच आत गेली आणि आपले सगळे घेऊन बाहेर आली. पण भिडस्त माणसांनी कारभाऱ्याला हिस्सा दिला. दर हिश्श्यासोबत पाठीराख्याचाही तिसरा हिस्सा त्याच्याकडे गेला. संध्याकाळी कारभारी उठला, तेव्हा त्याचा डावा खांदा खाली गेला होता. तो पुन्हा कधीच वर आला नाही. लोक म्हणत, तेल चोळत जा.

शेठने दवंडी पिटवली. ज्याला काही परत मागायचे असेल त्याने अमावस्येपर्यंत यावे, नंतर कोणाचे काहीही ऐकले जाणार नाही. जे जिवंत होते आणि ज्यांना मागायची लाज वाटली नाही, ते आले. अमावस्या झाली. शेठने सुटकेचा निःश्वास टाकला आणि दार लावून घेतले. या वेळी दार लागले. कारण आत यायचे राहिलेले कोणीच नव्हते.

नावाडी पुन्हा होडी चालवू लागला. एका वल्ह्यावर तो आणि दुसऱ्यावर त्याची बायको. मागच्या फळीवर आता माणसे बसत, भांडत, शेंगा खात. कधी कधी नावाडी सवयीने तिकडे वळून म्हणे, “आज पाणी ओढतंय.” एखादे गिऱ्हाईक म्हणे, “हो का?” मग नावाडी पुन्हा वल्हवू लागे. त्याला चुकल्यासारखे वाटे. आपण त्याला फार कठोरपणे तर उठवले नाही ना, असा विचार त्याच्या मनात येई. त्या बिचाऱ्याने तरी काय केले होते? त्याला कोणी काम दिलेच नव्हते.

एके दिवशी टळटळीत दुपारी शेठ घाट उतरून आला. त्याची एकुलती एक लेक पलीकडच्या गावी दिली होती. ती आजारी असल्याचा निरोप आला होता. होडीत नावाडी, त्याची बायको आणि आंधळी म्हातारी एवढेच होते.

शेठने होडीत एक पाय टाकला. होडी खचली. त्याने दुसरा पाय टाकला. पाणी होडीच्या काठाशी आले आणि आत झिरपू लागले.

“अगं बाई!” म्हातारी ओरडली. “एवढी माणसं कशाला घेतलीस रे? बुडशील!”

“एकटे शेठच आहेत, मावशी.”

“एकटे कुठले? ही बघ, दाटीवाटीनं उभी आहेत. कोणी बोलत नाही. कोणाला न्यायला कोणी आलंच नाही वाटतं.”

नावाड्याला कळले. ज्यांचे मालक मेले होते, गाव सोडून गेले होते, किंवा मुदतीत येऊ शकले नव्हते, ते सगळे पाठीराखे शेठच्या मागे उभे होते.

शेठने मागे वळून पाहिले. “मुदत संपली होती,” तो म्हणाला. “मी दवंडी दिली होती. सगळ्यांनी ऐकली होती.”

“त्यांनी नाही ऐकली, शेठ,” नावाडी म्हणाला. त्याला शेठची दया आली. पण पाणी त्याच्या घोट्यापर्यंत चढले होते. “उतरा. एवढ्यांना माझ्या होडीत जागा नाही.”

शेठ उतरला. होडी वर आली.

त्या दिवसापासून शेठ काठाकाठाने गावोगाव हिंडू लागला. “इथं अमक्याचा नातू राहतो का? तमकीची सून कुठं भेटेल?” असे विचारत तो एकेकाच्या हातात त्याचे त्याचे परत देत असे. प्रत्येक वेळी त्याच्यामागची पावलांची एक जोडी थांबे. दर अमावस्येला तो घाटावर येई, होडीत एक पाय टाकून पाही, आणि पाणी कुठवर येते ते बघून मागे फिरे. पलीकडच्या काठावर आजारातून उठलेली त्याची लेक उभी असे.

मुलांनो आणि थोरांनो, न दिलेल्या आधाराची किंमत ज्याने घेतली, त्याच्या मागचे ओझे मुदत संपल्याने उतरत नाही. घेतलेले परत केल्यानेच उतरते.