ओशिनोचा दोरा

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. जपानच्या डोंगरात हागिनो नावाचं गाव होतं आणि तिथं घरोघरी रेशमाचे किडे पाळत. कोष उकळायचे, धागा काढायचा आणि सगळं रेशीम सरदाराच्या गढीवर पोचवायचं. स्वतःच्या अंगाला लावायचं नाही. गढीवरचे पंडित कन्फ्यूशियसचा ग्रंथ उघडून सांगत, की आभाळ वर, जमीन खाली, तसा ज्याचा त्याचा दर्जा आणि दर्जाप्रमाणे कापड. शेतकरी रेशीम ल्यायला तर जगाची घडी मोडेल. एवढ्यानं मोडते ती घडी कसली, असं मी म्हणते. पण तेव्हा बोलायची छाती कुणाची होती? चूक एकाची, शिक्षा शेजारच्या पाच घरांना. ऐन थंडीत गावाबाहेर काढत.

एका हिवाळ्यात गढीवरचा तपासनीस घोड्यावरून आला. सगळ्यांना बर्फात रांगेत उभं केलं. हा कापड बघेना, शिवण उसवू लागला. ओताने नावाच्या म्हातारीच्या किमोनोची गळपट्टी त्यानं उसवली आणि आतला दोरा उन्हात चमकला.

तेव्हा गावाला कळलं, आपण काय करून बसलोय. कोषाचा धागा काढताना तुटलेले तुकडे गढीवर घेत नसत. बायका तेच सुईत ओवत, पिढ्यान् पिढ्या. रेशीम म्हणजे गढीवर जातं ते, हा आपला घरचा दोरा, एवढंच त्यांना ठाऊक. आता तो रांगेतल्या प्रत्येकाच्या अंगावर होता. लोक हातांनी आपापल्या शिवणी झाकू लागले.

ओतानेची विधवा सून, ओशिनो, पुढं आली.

"तो दोरा मी ओवलाय, सरकार. या सगळ्यांचे कपडे मीच शिवलेत. आत काय आहे, यांना माहीत नाही."

खोटं होतं ते. जो तो आपल्या घरी शिवत होता. पण रांगेत कुणी हूं की चूं केलं नाही. मला त्यांची कीव येते आणि रागही येतो.

"मग तुझ्या अंगावरचा दोरा ओढून काढ," तपासनीस म्हणाला. "इथंच. शेवटपर्यंत."

ती दोरा ओढू लागली. बाह्या गळल्या, पाठ सुटली, किमोनो तुकडे होऊन बर्फात पडला, तरी दोरा येतच राहिला. असं म्हणतात, की तो तिच्याच भोवती गुंडाळत गेला. आधी पाय, मग कंबर, मग तोंड. ओताने हाका मारत होती. आतून ओ आली नाही.

दिवस कलला तेव्हा तिथं माणसाएवढा पांढरा कोष उभा होता. तपासनिसानं त्याला हात लावला आणि आत काहीतरी हळूच हललं. तो घोडा तिथंच टाकून पळाला. पुन्हा कुणाची शिवण उसवली नाही. बर्फ वितळलं तेव्हा कोष वरून फुटलेला होता आणि आत कुणी नव्हतं, असं म्हणतात.

हागिनोत अजूनही नव्या कपड्याला आतून एक टाका रेशमाचा घालतात. आणि कपडा कुणीही शिवलेला असो, परक्यानं विचारलं, हे कुणी शिवलं, तर सगळं गाव आधी मान खाली घालतं आणि मग एकच नाव सांगतं. ओशिनोनं.