केंद्रकाला जपणारी पेशी

फार जुन्या काळी, अंगातल्या पेशी एकमेकींशी बोलत असत तेव्हा, एका शेळीचा पाय मोडला. धनगराने बांबूच्या कांबी बांधल्या आणि तो म्हणाला, "कळप हलायच्या आत चालली तर बरं, नाहीतर हिला मागं सोडावं लागेल."

मोडलेलं हाड सांधायला कोवळ्या पेशी जमल्या. प्रत्येकीच्या पोटात केंद्रक होतं आणि त्यात शरीराच्या साऱ्या सूचना दोऱ्यासारख्या गुंडाळलेल्या होत्या. पेशींनी आजूबाजूचे तंतू घट्ट धरले. शेळी पाय टेकवी, तेव्हा ओढ थेट केंद्रकापर्यंत पोचे.

एका पेशीने मात्र तंतू सोडून दिले.

"अगं, धर की!" शेजारीण म्हणाली. "हाड व्हायला आलीस की पाहुणचाराला?"

"माझं केंद्रक ताणतं गं. फाटलं म्हणजे?"

तिचं बघून पुष्कळजणींनी तंतू सोडले. दिवस गेले, पण तेवढी जागा मऊच राहिली. शेळी उठू गेली आणि कळ येऊन खाली बसली. वर धनगर हळहळला, "राहिली ही इथंच."

पेशी घाबरली. "अरे, तू काहीच कसं सांगत नाहीस?" तिने केंद्रकाला विचारलं. "मी तुला एवढं जपलं!"

"जपलंस, म्हणूनच मला काही कळलं नाही," केंद्रक म्हणालं. "ओढ लागली की माझी गुंडाळी सुटते आणि आतली सूचना वाचता येते. ओढच नाही, तर हाड व्हायचंय हे मला कोण सांगणार?"

पेशीने पुन्हा तंतू धरले. मग इतरजणींनीही धरले. कळप हलायला अजून काही दिवस होते; तेवढ्यात ती मऊ जागा हळूहळू घट्ट होत गेली.

कळप हलला, तेव्हा शेळी सगळ्यांच्या मागून लंगडत निघाली. दर पावलाला पेशी कळवळत होती, पण तिने पकड सोडली नाही.