म्हाळूची सावड

एका गावात एक भोळा म्हाळू होता. तसे भोळे त्या गावात आणखीही होते, पण ते कुणाचं ऐकत नसत, म्हणून त्यांचं निभायचं. म्हाळू सगळ्यांचं ऐकायचा. हीच खरी पंचाईत.

म्हाळू आणि त्याची आई गिरजा, घरात दोघंच. शेताचा एक तुकडा, त्यात ज्वारी. ती घरात आली तर वर्षभर भाकरी, नाही तर चुलीपुढे बसून हात शेकायचे. दोघांच्या हातांनी काढणी उरकायची नाही. पण गावात सावडीची रीत होती. आज आपण दुसऱ्याच्या कामाला जायचं, उद्या तो आपल्या कामाला येतो. मजुरी नाही, उपकार नाही.

गिरजा म्हणाली, "म्हाळू, सगळ्यांच्या कामाला जा बाबा. तरच आपल्या काढणीला माणसं येतील. आणि स्वतःचं डोकं चालवू नकोस. चार माणसं करतील तसं कर."

"बरं आये," म्हाळू म्हणाला.

पहिलं काम गावातल्या जाणत्या शिदू आबांकडं होतं. त्यांच्या गोठ्याचं नवं गवती छप्पर उचलून खांबांवर ठेवायचं होतं. सगळ्यांनी हात लावला. हुश्श म्हणत छप्पर खांद्यावर घेतलं. तेवढ्यात एकाच्या मानेवर मुंगळा चढला. त्यानं एक हात सोडला आणि मान खाजवली. शेजारच्यानं घाम पुसला. म्हाळूनं बघितलं, माणसं हात सोडतायत. त्यानंही सोडले. एक नाही, दोन्ही. वर दोन पावलं मागे सरून मानही खाजवली.

छप्पर धाडकन कललं आणि शिदू आबा त्याच्याखाली गेले. गवतातून त्यांचं नुसतं पागोटं दिसत होतं. पागोट्याखालून आवाज आला, "अरे शुंभा! दुसऱ्यांनी सोडलं तरी आपण सोडू नये! धरलं की धरलं!"

"बरं आबा," म्हाळू पागोट्याला म्हणाला.

पुढं चंद्राक्काची म्हैस तळ्याच्या गाळात रुतली. सावडीची माणसं धावली. काही जण शिंगांच्या दोराला लागले, म्हाळूच्या हाती शेपूट आलं. हय्या हो, हय्या हो! म्हैस निघाली एकदाची. निघाली ती उधळलीच. सगळ्यांनी दोर सोडला.

म्हाळूनं सोडलं नाही. का सोडेल? धरलं की धरलं!

म्हैस बाभळीतून गेली, म्हाळू बाभळीतून गेला. म्हैस उकिरड्यावरून गेली, म्हाळूही गेला. मारुतीच्या पारापाशी म्हातारे बसले होते, त्यांना त्यानं जाता जाता रामराम घातला. शेवटी म्हैस गोठ्याच्या दारात शिरली. दार एका म्हशीपुरतं. म्हाळूही त्याच वेळी शिरला. दोघं अडकले.

चंद्राक्का कपाळावर हात मारून ओरडली, "मेल्या, आधी दुसऱ्याचं होऊ द्यावं, मग आपलं बघावं! एवढं कळत नाही?"

"आता कळलं आक्का," म्हाळू म्हशीच्या बगलेतून बोलला.

असं करत करत गावाची काढणी झाली. म्हाळू कुठं चुकला नाही असं नाही, पण कुठं गेला नाही असंही झालं नाही. आता उद्या म्हाळूच्या शेतात सावड यायची होती. गिरजानं त्याच्या हातात गोफण दिली. "मी उद्याच्या जेवणाची तयारी करते. तू आजच्या दिवस पाखरं राख. कणसं अगदी भरलीत."

म्हाळू शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढला. पाखरांचा थवा आला. म्हाळूनं गोफणीत दगड घातला, हात फिरवला आणि थांबला. आधी दुसऱ्याचं, मग आपलं! बरं झालं वेळेवर आठवलं. त्यानं दगड खाली ठेवला. काही पाखरं बुजगावण्याला घाबरत होती, म्हणून बुजगावणं आडवं केलं. चिमण्या आल्या, पोपट आले, पोपटांनी पाहुणे आणले. म्हाळू माळ्यावरून म्हणाला, "सावकाश होऊ द्या."

सकाळी सगळा गाव विळे घेऊन हजर. शेतात नुसता कडबा उभा आणि कणसांच्या जागी दाणे टिपलेली रिकामी बोंडखं. म्हाळू बांधावर विळा परजत होता. "या, या! दुसऱ्यांचं झालं. आता आपलं."

गिरजा मटकन बांधावर बसली. वर्षाची भाकरी होती ती.

एक जण फणकारला, "पाखरांचं केलंस ना? मग पाखरंच येऊ देत तुझ्या सावडीला!"

"गप रे," शिदू आबा म्हणाले. त्यांची मान अजून जराशी वाकडीच होती. "हा माझ्या छपराला आला, तुझ्या मळणीला आला. एकदा तरी अंग चोरलं का त्यानं? डोकं नसेल, पण कामाला नाही म्हणाला नाही. घराघरातनं एकेक पाटी ज्वारी काढा."

आणि निघाली की हो! घराघरातनं भरलेल्या पाट्या आल्या. ज्यानं फणकारा केला, त्याची पाटी तर शिगोशीग. गिरजाची कणगी तोंडापर्यंत भरली. तिनं डोळे पुसले, भाकरीसाठी थोडी ज्वारी सुपात काढली आणि रिकाम्या पाट्या म्हाळूपुढं ठेवल्या.

"या ज्याच्या त्याला देऊन ये. आणि हे बघ, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये. रीत आहे आपली."

"बरं आये," म्हाळू म्हणाला.

गिरजा दळायला गेली. दळण घेऊन परतली तेव्हा म्हाळू ओट्यावर घाम पुसत बसला होता.

"दिल्यास पाट्या?"

"दिल्या की. एकही रिकामी दिली नाही. शिदू आबांच्या पाटीला मात्र ज्वारी पुरली नाही, तू सुपात काढलीस ना! मग तिच्यात आपली कोंबडी बसवून दिली."

गिरजा धावत आत गेली. कणगीत डोकावली. तिचा आवाज कणगीतच घुमला, "म्हाळ्या! अरे, कणगी रिकामी केलीस की रे!"

"असू दे आये," म्हाळू म्हणाला. "कणगी आपलीच आहे. ती कुठं कुणाला परत द्यायचीय?"