मोराने उडवलेली काडी

माणसांनी तळ्याला घाट बांधले नव्हते, तेव्हाची ही हकिकत. दर हिवाळ्यात तिथे परमुलखातले करकोचे उतरत. एकदा मोर म्हणाला, "पाव्हण्यांना आपला नाच दाखवतोच!" आणि त्याने ऐटीत पिसारा फुलवला. त्याबरोबर सगळा थवा किंचाळत उडाला. मोराच्या पायांखालची जमीनच सरकली. त्याचा पिसारा पाहून आजवर कुणी पळालं नव्हतं.

काठावरची टिटवीमावशी म्हणाली, "अरे, त्यांच्याकडे एवढे पंख पसरतो तो गरुड, तेही झडप घालताना. त्यांचा नाच कधी पाहिलास का?"

"म्हणजे, तेही नाचतात?" मोराने आ वासला.

दुसऱ्या दिवशी मोर पिसारा मिटून गेला. मावशीने शिकवल्याप्रमाणे त्याने मान जमिनीपर्यंत झुकवली, चोचीने एक काडी उचलली आणि उंच उडवली. एक म्हातारा करकोचा थबकला. त्यानेही मान झुकवली, काडी उडवली. बघता बघता सगळा थवा मोराभोवती नाचू लागला.

त्या भरात मोराचा पिसारा आपोआप उघडला. मोर भीतीने जागीच थिजला.

कुणीही उडालं नाही. म्हातारा करकोचा जवळ आला आणि डोळे विस्फारून म्हणाला, "अहो, एवढं सुंदर होतं तुमच्यापाशी, मग काल का नाही दाखवलंत?"